मोबाइलचा खेळ घडवताना : आधी भाषा की आधी साधन?

मोबाइलवरचे खेळ तयार करायचे तर कोणती संगणकभाषा शिकावी, असे मुले विचारतात आणि पालक लगेच शिकवणीची फी भरून मोकळे होतात. वस्तुतः हा प्रश्न दुसरा आहे. आज बहुतेक खेळ ‘गेम इंजिन’वर घडतात, चित्र हलविणे, टक्कर ओळखणे, आवाज देणे हे इंजिन सांभाळते आणि भाषाही बहुधा तेच ठरविते. युनिटीसाठी सी शार्प, अनरिअलसाठी सी प्लस प्लस, गोडोसाठी पायथॉनच्या वळणाची जीडीस्क्रिप्ट.

म्हणून आधी साधनाच्या अटी वाचाव्यात. ‘पोकेमॉन गो’ ज्या युनिटीवर उभा आहे, त्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये ठरावीक मर्यादेपलीकडील प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क जाहीर केले. अनेक लहान निर्मात्यांची वर्षांची मेहनत एका घोषणेने टांगणीला लागली. तीव्र विरोधानंतर वर्षभराने ते शुल्क रद्द झाले. २०१४ मध्ये खुले झालेले गोडो एमआयटी परवान्यामुळे विनामूल्य आहे. उत्पन्नात वाटा मागत नाही. नोकरीच हवी असेल, तर मात्र युनिटी अधिक उपयोगी, असे माझे मत.

खर्चाचे म्हणाल, तर गूगल प्ले एकदाच २५ डॉलर घेते. ॲपल दरवर्षी ९९, शिवाय मॅक संगणक लागतोच. तेव्हा आरंभ अँड्रॉइडपासून करावा. पहिला खेळ सापशिडीएवढाच असू द्यावा : फासा, सोंगटी, शंभर घरे आणि पाळी कुणाची याचा हिशेब.