माळ्यावरचं विमान खाली आलं तर…

मैत्रिणींनो, चाळिशीच्या आसपास पुरुषांना एक लहर येते. कॉलेजात असताना, एन.सी.सी.च्या हवाई शाखेत किंवा हौसेनं, ज्यांनी मॉडेल विमानं उडवली, ते एका रविवारी माळ्यावर चढतात आणि धुळीनं माखलेला खोका खाली उतरवतात. पंख मोडलेले, इंजिनात एरंडेल घट्ट बसलेलं! मग त्यांचा चहा गार होतो नि आपलं डोकं गरम. ‘या वयात खेळणी?’ असं अगदी ओठांवर येतं. पण जरा थांबा.

हे खेळणं नव्हे. अडीच सी.सी.चं इंजिन मुठीत मावतं, पण मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेतं. काही जण तर लेथवर असं इंजिन स्वतः घडवतात. मोठ्या इंजिनाची मापं नुसती लहान केली म्हणून ते चालत नाही, बरं का! पातेल्यातलं दूध बराच वेळ गरम राहतं, वाटीतलं लगेच निवतं. तसंच इंजिनाचं. प्रत्येक माप निम्मं केलं की आकारमान एक-अष्टमांश होतं, पण पृष्ठभाग एक-चतुर्थांशच. म्हणून लहानग्या इंजिनाची उष्णता भराभर निघून जाते. त्यातला दट्ट्या इतका नेमका बसवावा लागतो की केसाएवढीही फट चालत नाही. अशा कामाला महिनोन्महिने चिकाटी लागते.

हौस समजून घेतली, तरी घर आपलं आहे. तेव्हा काही नियम आधीच ठरवा.

पहिला नियम इंधनाचा. मॉडेल डिझेल इंजिनाला इथर, रॉकेल आणि एरंडेल लागतं. ग्लो इंजिनाला मिथेनॉल आणि तेल. इथरची वाफ हवेहून जड असते, जमिनीलगत पसरते आणि लांबच्या शेगडीवरही पेट घेते. मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. म्हणून ही बाटली स्वयंपाकघरात नको, सरबताच्या बाटलीत तर मुळीच नको. वर ठळक नाव लिहा आणि कुलपात ठेवा.

दुसरा, पंख्याचा. इंजिन सुरू करताना पंखा बोटानं नव्हे, लाकडी दांडक्यानं फिरवावा. फिरत्या पंख्याच्या पुढे किंवा बाजूला मुलं नकोत. त्यांना मागे उभं करा.

तिसरा, मैदानाचा. दोरीवरचं विमान बारीक पोलादी तारांनी धरलेलं असतं. जवळपास विजेच्या तारा असतील, ढग गडगडत असतील, तर विमान खोक्यातच राहू दे. रेडिओवर चालणाऱ्या विमानांसाठी २०२१ चे ड्रोन नियम आहेत. तिथे उडवायला मनाई नाही ना, हे सरकारी नकाशावर आधी पाहावं.

चौथा, पैशाचा. महिन्याचा आकडा दोघांनी मिळून ठरवावा. जुनं इंजिन अडकलं असेल तर पक्कडीनं पिळू नये. थोडी ऊब आणि पातळ तेल दिलं की पुष्कळदा सुटतं. नवं घ्यायची घाई कशाला?

आणि पाचवा, तुमचा आमचा. त्यांना रविवारचे तीन तास मिळत असतील, तर तुम्हालाही आठवड्यातले तीन तास हवेत. घर त्या वेळी त्यांनी सांभाळावं. हे भांडणानं नव्हे, पण स्पष्ट बोलून मिळवा. नाहीतर त्यांची हौस म्हणजे आपल्या वाट्याला फक्त तेलाचे डाग!

शिवाय हे काम पुरुषांचंच, असं कोणी सांगितलं? इंग्लंडच्या चेरी हिल या बाईंनी जुन्या वाफेच्या इंजिनांच्या चालत्या प्रतिकृती, मूळच्या एक-सोळांश मापाच्या, स्वतःच्या हातांनी घडवल्या. त्यासाठी २००० साली त्यांना एम.बी.ई. हा ब्रिटिश किताब मिळाला. बाल्सा लाकडाच्या पंखावर पातळ कागद सुरकुती न पडता ताणून बसवायचा असतो. ब्लाऊजची बाही नीट बसवणाऱ्या हातांना ते अवघड का वाटावं?

एक गोष्ट मात्र मी जवळून पाहिली आहे. ऑफिसातून आल्यावर दोन शब्द न बोलणारा माणूस हातात पान्हा आला की भरभरून बोलतो, मुलांना जवळ बसवून घेतो. म्हणून म्हणते, येत्या रविवारी डबा भरून देऊन घरी बसू नका. मैदानावर जा, आणि विमानाची मूठ एकदा तुमच्या हातात मागून घ्या.