सायटेशन मोजून दुर्बीण कळत नाही

दरवर्षी सप्टेंबरच्या आसपास वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते: अमक्या विद्यापीठाचे इतके प्राध्यापक जगातल्या ‘टॉप टू पर्सेंट’ शास्त्रज्ञांच्या यादीत. नाव आलेल्यांचं अभिनंदन जरूर करावं. त्रास होतो तो त्यानंतर सुरू होणाऱ्या बोलण्याचा. यादीत नाही तो कच्चा, एच-इंडेक्स कमी म्हणजे काम कमी, असा हिशेब लगेच मांडला जातो. खगोलशास्त्राची उपकरणं घडवणाऱ्यांना तर हा हिशेब सतत ऐकावा लागतो. “वीस वर्षं दुर्बिणीच्या रिसीव्हरवर काम आणि एच-इंडेक्स बारा? मग हे करतात तरी काय?” शिकलेल्या, जबाबदार पदांवरच्या माणसांकडून हा प्रश्न इतक्यांदा कानावर आला आहे, की त्याला सविस्तर उत्तर द्यायलाच हवं.

गैरसमज: सायटेशन आणि एच-इंडेक्स कमी, म्हणजे शास्त्रज्ञाची योग्यता कमी.

वस्तुस्थिती: एच-इंडेक्सचा आकडा निघतो कसा, ते आधी पाहू. होर्हे हर्श या अमेरिकेतल्या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली तो सुचवला. तुमच्या दहा पेपरांना प्रत्येकी किमान दहा सायटेशन, म्हणजे इतर पेपरांतले संदर्भ, असतील आणि अकराव्याला तितकी नसतील, तर तुमचा एच-इंडेक्स दहा. आता दोन काल्पनिक शास्त्रज्ञ घ्या. एकीने पाच पेपर लिहिले आणि प्रत्येकाला ८०० सायटेशन मिळाली. दुसऱ्याने पंचवीस लिहिले, प्रत्येकाला पंचवीस मिळाली. पहिलीची एकूण सायटेशन ४,०००, दुसऱ्याची ६२५. तरी पहिलीचा एच-इंडेक्स पाच आणि दुसऱ्याचा पंचवीस! पेपर मोजकेच असतील, तर त्यांना कितीही मान मिळो, हा आकडा पेपरांच्या संख्येपुढे जाऊच शकत नाही. हर्श यांनी मूळ लेखातच बजावलं होतं की एका आकड्यात माणसाचं काम मावत नाही आणि मोजके पण फार महत्त्वाचे पेपर लिहिणाऱ्यांवर त्यात अन्याय होतो. इशारा विसरला गेला, आकडा तेवढा उरला.

उपकरण घडवणाऱ्यांचे पेपर मोजके का असतात, हे समजायला दूर जायची गरज नाही. पुण्याहून नारायणगावला आणि तिथून खोडदला गेलं की जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे आपली जीएमआरटी, दिसते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यातल्या चौदा साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या सोळा तीन भुजांवर, टोकाची अंतरं सुमारे २५ किलोमीटरपर्यंत. एवढ्या मोठ्या डिश भरीव पत्र्याच्या केल्या असत्या, तर वजन, वारा आणि खर्च यांपैकी काहीच पेललं नसतं. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोरखंडांच्या सांगाड्यावर स्टेनलेस स्टीलच्या तारेची बारीक जाळी ताणून बसवली. ही दुर्बीण वापरते त्या रेडिओ लहरींची लांबी २१ सेंटिमीटरच्या आसपासपासून पुढे काही मीटरपर्यंत. तिच्या तुलनेत जाळीची भोकं दोन सेंटिमीटर किंवा त्याहूनही लहान. त्यामुळे लहरींना ती जाळी आरशासारखी भासते आणि वारा मात्र आरपार निघून जातो.

ही रचना जगापुढे मांडणारा पेपर ‘करंट सायन्स’मध्ये १९९१ साली आला. त्यावर सहा लेखकांची नावं आहेत. सायटेशनच्या हिशेबात जीएमआरटीची मूळ कल्पना म्हणजे हा एक पेपर आणि ही सहा नावं. अँटेना उभ्या करणं, त्या आकाशातल्या एकाच बिंदूकडे अचूक वळवणं, रिसीव्हर घडवणं, तीसही अँटेनांचे संकेत एकमेकांशी जुळवणारं यंत्र बसवणं, हे काम अनेक वर्षं, अनेक हातांनी केलं. पुढे दुर्बिणीचा कायापालट झाला आणि एका वेळी टिपता येणारा वारंवारतेचा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० मेगाहर्ट्झपर्यंत रुंदावला. त्याचीही मांडणी २०१७ सालच्या ‘करंट सायन्स’मधल्या एका पेपरात झाली. वर्षानुवर्षांच्या कामाला एकेक पेपर, असा हा हिशेब आहे.

मग बाकीचं ज्ञान जातं कुठे? ते लिहिलं जातंच, पण मोजणाऱ्याची नजर पडते तिथे नाही. ते असतं संस्थेच्या तांत्रिक अहवालांत, आराखड्यांच्या परीक्षणाच्या कागदांत आणि एसपीआयई या संस्थेच्या दर दोन वर्षांनी होणाऱ्या दुर्बिणी आणि उपकरणांच्या परिषदेच्या इतिवृत्तांत. या इतिवृत्तांतल्या लेखांची नियतकालिकांसारखी कसून छाननी होत नाही, म्हणून अनेक समित्या ते विचारातच घेत नाहीत. पण उपकरण बांधणारा माणूस दुसऱ्याच्या उपकरणाचा तपशील शोधायला सर्वांत आधी तिथेच जातो.

याहून मोठी गळती पुढे आहे. संशोधकांच्या एका गटाच्या पुढाकाराने २०१७ साली जीएमआरटीच्या १५० मेगाहर्ट्झवरच्या निरीक्षणांतून आकाशातल्या सहा लाखांहून जास्त रेडिओ स्रोतांची यादी प्रसिद्ध झाली. ती वापरणारा प्रत्येक संशोधक त्या पेपरचा संदर्भ देतो, आणि ते योग्यच आहे, कारण जुन्या निरीक्षणांवर नव्याने प्रक्रिया करण्याचं ते काम अवघड होतं. पण १५० मेगाहर्ट्झचे रिसीव्हर ज्यांनी घडवले आणि चालू ठेवले, त्यांच्या खात्यात यातलं काहीच जमा होत नाही. जीएमआरटी वापरणाऱ्या पेपरांच्या शेवटी दुर्बिणीच्या कर्मचाऱ्यांचे आभार मानायची पद्धत आहे. ते मनापासून मानले जातात. मात्र आभारांचं सायटेशन होत नाही. ज्यांच्यामुळे निरीक्षण शक्य झालं, ते त्या हिशेबात शून्य. हा दोष मोजमापाचा आहे, माणसांचा नाही.

एखाद्याला वाटेल की ही आपल्याकडची अडचण. तसं नाही. एमआयटीच्या रेनर वाइस यांनी १९७२ साली लेसरच्या साह्याने गुरुत्वीय लहरी पकडणाऱ्या यंत्राचा आराखडा मांडला. जमिनीचे हादरे, उष्णतेची थरथर, लेसरमधले चढउतार अशी गोंगाटाची एकेक कारणं घेऊन प्रत्येकाचा अंदाज त्यांनी बांधला. हे सगळं छापलं गेलं ते प्रयोगशाळेच्या त्रैमासिक प्रगती अहवालात, कुठल्याही नावाजलेल्या नियतकालिकात नाही. त्या पायावर लायगो ही वेधशाळा उभी राहिली, सप्टेंबर २०१५ मध्ये पहिली लहर सापडली आणि २०१७ साली वाइस नोबेलचे मानकरी ठरले. मधली त्रेचाळीस वर्षं त्यांना फक्त एच-इंडेक्सने जोखलं असतं, तर काय निष्कर्ष निघाला असता? हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया होते आहे, तिची वंशावळही त्या अहवालापर्यंत जाते.

काळाचा प्रश्नही असाच. वातावरणामुळे थरथरणारी ताऱ्याची प्रतिमा आरशाचा आकार क्षणाक्षणाला बदलून स्थिर करता येईल, हे होरेस बॅबकॉक यांनी १९५३ साली लिहिलं. खगोलशास्त्राच्या दुर्बिणींवर हे तंत्र प्रत्यक्ष यायला १९८० चं दशक संपावं लागलं. आज मोठ्या प्रकाशीय दुर्बिणी त्याच्याशिवाय उभारायचा विचार सहसा कुणी करत नाही. गेल्या पाच वर्षांची सायटेशन मागणाऱ्या अर्जात अशा कल्पनेला जागाच नसते.

आता नाण्याची दुसरी बाजू. उपकरणांच्या क्षेत्रात आकडे कधी भलतेच फुगतातही. पायथन भाषेतल्या ‘ॲस्ट्रोपाय’ या खुल्या सॉफ्टवेअरच्या २०१३ सालच्या पेपरला हजारो सायटेशन मिळाली. गुरुत्वीय लहरींच्या पहिल्या पेपरवर हजाराहून जास्त लेखक आहेत आणि त्याचं प्रत्येक सायटेशन त्या सर्वांच्या खात्यात पूर्ण जमा होतं. म्हणून फुगलेल्या आकड्यावरूनही माणूस जोखू नये. आणि स्पष्टच सांगतो: सायटेशन कमी असलेला प्रत्येक जण उपेक्षित प्रतिभावंत असतो, असा माझा दावा नाही. आळशी माणसाचाही आकडा कमीच येतो. दोघांतला फरक त्या आकड्यातून कळत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

आणखी काही गैरसमज, थोडक्यात.

“‘टॉप टू पर्सेंट’ यादी हे स्टॅनफर्ड विद्यापीठाचं मानांकन आहे.” नाही. तिथले प्राध्यापक जॉन आयोनिडिस आणि त्यांचे सहकारी स्कोपसच्या माहितीवरून ती तयार करतात. तिच्या वर्गवारीत खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकी हा एकच उपविभाग आहे, म्हणजे सिद्धान्त मांडणारा आणि रिसीव्हर घडवणारा एकाच रांगेत.

“एच-इंडेक्स हा ठरलेला आकडा असतो.” गूगल स्कॉलर, स्कोपस आणि खगोलशास्त्रज्ञ वापरतात ती नासाची एडीएस सूची, तिन्ही वेगवेगळे कागद मोजतात. त्यामुळे एकाच माणसाचे तीन आकडे निघू शकतात.

“जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर मोठा, तर पेपर चांगला.” ती त्या जर्नलची सरासरी असते. तीवरून व्यक्तीचं मूल्यमापन करू नये, असं ‘डोरा’ या २०१२ सालच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने स्पष्ट म्हटलं आहे.

“सायटेशन भरपूर, म्हणजे निष्कर्ष बरोबर.” दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ या दुर्बिणीच्या गटाने मार्च २०१४ मध्ये विश्वाच्या आरंभीच्या गुरुत्वीय लहरींच्या खुणा सापडल्याचं जाहीर केलं. त्या पेपरवर सायटेशनचा पाऊस पडला. पुढच्याच वर्षी प्लांक उपग्रहासोबत केलेल्या विश्लेषणातून दिसलं की तो दावा आकाशगंगेतल्या धुळीपुढे टिकत नाही.

“स्वतःच्या पेपरचा संदर्भ देणं म्हणजे लबाडी.” उपकरणाचा तिसरा टप्पा लिहिताना पहिल्या दोन टप्प्यांचा संदर्भ द्यावाच लागतो. असे संदर्भ वेगळे मोजावेत, त्यांना गुन्हा ठरवू नये.

“उपकरणं बनवणारे ते इंजिनिअर, शास्त्रज्ञ वेगळे.” आकाशगंगेकडून येणाऱ्या रेडिओ लहरी ओळखणारा कार्ल जान्स्की बेल लॅब्समध्ये इंजिनिअरचं काम करत होता. अनेक अँटेनांतून एक मोठी दुर्बीण साधण्याच्या तंत्रासाठी मार्टिन राइल यांना १९७४ चं नोबेल मिळालं. जीएमआरटी त्याच तंत्रावर चालते.

मग मूल्यमापन करायचं तरी कसं? विचारायचे प्रश्न साधे आहेत. उपकरण ठरल्याप्रमाणे चालतं का? संवेदनक्षमता किती वाढली? ते किती संशोधक वापरतात आणि त्यातून असं काय कळलं, जे त्याच्याशिवाय कळलं नसतं? आराखड्यातला नेमका कोणता भाग या व्यक्तीचा? अहवाल, सॉफ्टवेअर आणि इतिवृत्तांतले लेख वाचून त्याच क्षेत्रातल्या दोन-तीन जाणकारांचं मत घेतलं, तर उत्तरं मिळतात. याला एका दुपारपेक्षा जास्त वेळ लागतो, हे खरं. पण ज्या व्यक्तीने एका यंत्राला आयुष्याची दहा-पंधरा वर्षं दिली, तिच्यासाठी समितीने चार दिवस देणं हे समितीचं कर्तव्यच आहे. ते टाळून आपण आकड्यावर निवडत राहिलो, तर तरुण मुलं-मुली झटपट पेपर देणाऱ्या विषयांकडे वळतील आणि पुढची दुर्बीण बांधायला माणसंच मिळणार नाहीत. खोडदच्या अँटेना, औंढ्याची लायगो, यापुढची प्रत्येक वेधशाळा, या सगळ्यांना लागणारे हात आज कुठल्या तरी निवड समितीपुढे बसलेले आहेत. त्यांना एच-इंडेक्स विचारण्याआधी त्यांनी काय बांधलं ते विचारा.