कुत्र्याचे औषध मांजराला नको

घरात पिसवा झाल्या, की कुत्र्यासाठी आणलेल्या औषधाचे दोन थेंब मांजराच्या मानेवरही टाकले जातात. प्राणी लहान म्हणून थेंब कमी, एवढाच हिशेब! हा हिशेब मांजराच्या जिवावर बेततो.

कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरच्या कित्येक औषधांत परमेथ्रिन असते. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात निसर्गतःच कीटकनाशक असते; त्याच धर्तीवर बनवलेले हे रसायन. कुत्र्याचे यकृत ते सहज निकामी करते. मांजराच्या यकृताला ते जमत नाही, विष अंगात साचते. त्यातून मांजर मोठे टापटिपीचे जनावर, दिवसभर अंग चाटणार. म्हणजे कातडीवरचे औषध पोटातही जाणार. मग लाळ गळते, अंग थरथरते, झटके येतात. औषध चुकून लागलेच, तर भांड्याच्या पातळ साबणाने कोमट पाण्यात मांजर धुवा आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्या. झटके सुरू झाले असतील तर धुण्यात वेळ घालवू नका. कुत्र्याला औषध लावले असेल, तर ते वाळेपर्यंत दोघांना एकत्र झोपू देऊ नका.

पिसवांची अंडी अंगावर टिकत नाहीत. गोधडीत, सतरंजीत, फरशीच्या फटीत गळतात. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुवायलाच हवे. चाटताना पिसू गिळली गेली, तर तिच्यातून पट्टकृमी पोटात शिरतो. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसतात, ते त्याचेच. नुसते जंताचे औषध दिले आणि पिसवा तशाच ठेवल्या, तर काही आठवड्यांत ते दाणे पुन्हा दिसू लागतात.