पाठीवरचं बिऱ्हाड: मुक्कामी डोंगरभटकंतीची ओळख

हिंगोली जिल्ह्यातल्या माणसाला पायी चालणं नवं नाही. संत नामदेवांचं नर्सी नामदेव आपल्याच जिल्ह्यात. शेगावची गजानन महाराजांची पालखीही पंढरीला जाताना आपल्याच जिल्ह्यातून जाते. पण वारीत सामान दिंडीच्या ट्रकमधून पुढे गेलेलं असतं, वाटेत कुणी चहा देतं, मुक्कामाला पंगत बसते. डोंगरातल्या मुक्कामी भटकंतीत यातलं काहीच नाही. निवारा, अंथरूण, शिधा, पाणी सगळं स्वतःच्या पाठीवर घ्यायचं आणि गाडीरस्ता संपतो तिथून पुढे दोन-तीन दिवस चालायचं. म्हणून इथे पायांच्या आधी पाठीचा विचार करावा लागतो.

ओझ्याचा हिशेब

भरलेली सॅक आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापेक्षा जड नसावी, असा ढोबळ नियम आहे. साठ किलोच्या माणसाला बारा किलो. दोन रात्रींसाठी मांडून पाहू. रिकामी सॅक पावणेदोन किलो, दोघांच्या तंबूतला आपला वाटा सव्वा किलो, स्लीपिंग बॅग सव्वा किलो, खाली अंथरायची मॅट अर्धा किलो, कपडे दीड किलो, कोरडा शिधा दीड किलो, स्टोव्ह-भांडी आणि टॉर्च-औषधं मिळून सव्वा किलो. झाले नऊ किलो. उरलेले तीन किलो म्हणजे तीन लिटर पाणी. बारा किलो तिथेच भरले. त्यामुळे जास्तीची जीन्स किंवा दुसरी चप्पल सॅकमध्ये टाकताना हात आपोआप थबकतो.

भरण्याचीही रीत आहे. रात्रीच लागणारी स्लीपिंग बॅग तळाशी. शिधा, स्टोव्ह अशा जड वस्तू मध्यभागी, पाठीला चिकटून. त्या बाहेरच्या बाजूला गेल्या तर सॅक माणसाला मागे ओढते. रेनकोट आणि खाऊ सगळ्यात वर. सॅक चढवली की आधी कमरेचा पट्टा कटीच्या हाडावर घट्ट करायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे. बरंचसं वजन कमरेवर आलं पाहिजे. संध्याकाळी खांदे सोलवटले असतील, तर सॅक बदलण्याआधी कमरेचा पट्टा तपासावा.

पाणी आणि वेळ

सह्याद्रीत पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण बेसॉल्टचा कातळ फार पाणी धरून ठेवत नाही. फेब्रुवारीनंतर बरेच ओढे आटतात. मग आधार उरतो तो कातळात खोदलेल्या टाक्यांचा, आणि त्यांतलंही प्रत्येक टाकं पिण्याजोगं नसतं. कुठल्या टाक्यात पाणी आहे, हे पायथ्याच्या गावातच विचारावं. पाणी कापडातून गाळून चांगलं खळखळ उकळावं किंवा क्लोरीनची गोळी टाकावी.

वेळेचा अंदाज बांधायला स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये दिलेलं गणित आजही वापरतात. साधारण पाच किलोमीटरला एक तास आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आठ किलोमीटर वाट आणि सहाशे मीटर चढ असेल, तर अडीच तासांहून थोडं जास्त. पाठीवर ओझं आणि पायाखाली सुटे दगड असताना चार तास धरावेत. मुक्कामाच्या जागी अंधार पडण्याआधी दोन तास पोचायचं ठरवलं, की सकाळी किती वाजता निघायचं ते आपोआप कळतं.

शिधा

याबाबतीत आपलं घर श्रीमंत आहे. ज्वारीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, दशम्या, धपाटे, गूळ, सातूचं पीठ हे सगळं प्रवासासाठीच घडलेलं अन्न. पहिल्या दिवशी धपाटे संपवावेत. कडक भाकरी शेवटपर्यंत टिकते. रात्री डाळ-तांदूळ, हळद-मीठ घरूनच एका पुडीत एकत्र करून आणलेली खिचडी एका भांड्यात होते.

रान कुणाचं

अमेरिकेत 1964 च्या कायद्याने रानाची व्याख्या करताना माणूस तिथे फक्त पाहुणा असतो, असं धरलं. आपली रानं तशी नाहीत. आपल्याच जिल्ह्यात कळमनुरीच्या आसपास आंध समाजाची गावं आणि बंजाऱ्यांचे तांडे आहेत. सह्याद्रीत महादेव कोळी आणि ठाकर. वाट, पाणी, जनावराचा वावर त्यांना ठाऊक असतो. त्यांच्यातला वाटाड्या घ्यावा आणि त्याचे योग्य पैसे द्यावेत.

कायदाही ध्यानात ठेवायचा. पैनगंगा अभयारण्य आपल्याला जवळ असलं, तरी वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय शिरता येत नाही, आणि आग लावणं हा गुन्हा आहे. सागाचा वाळला पाचोळा एका ठिणगीने पेटतो. मुक्काम कुठे करता येईल, हे निघण्याआधी वन विभागाकडूनच समजून घ्यावं.

तंबू कोरड्या ओढ्यात लावू नये आणि वाळलेल्या फांदीखालीही लावू नये. आग्या मोहोळाच्या आसपास धूर, अत्तर आणि आरडाओरडा टाळावा. सकाळी बूट झटकूनच पाय घालावा. विंचवाला रात्री अशीच जागा आवडते. शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जाऊन वीतभर खोल खड्डा करावा आणि नंतर बुजवावा. कचरा, अगदी बिस्किटाचा पुडासुद्धा, परत घरी आणावा.

सुरुवात कशी करावी

आधी कयाधू नदीकाठच्या गाववाटांवर सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून चालावं. पाच किलोने सुरुवात करून हळूहळू बारा किलोपर्यंत जावं. मग हिवाळ्यात, वन विभागाची परवानगी असेल तर, एका रात्रीसाठी पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड. नांदेडहून मनमाडमार्गे नाशिककडे रेल्वे आहे. पुढे राजूरमार्गे एस.टी. किंवा जीप. गडावर हरिश्चंद्रेश्वराचं मंदिर, केदारेश्वराची लेणी, आणि पश्चिमेला आत वळलेला कोकणकडा. ते अंगवळणी पडलं, की रतनवाडीहून रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड अशी अनेक दिवसांची वाट जाणकार सोबत्याबरोबर करता येते. वाटांची पूर्वतयारी करायला आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ अजूनही उपयोगी पडतं.

एवढे कष्ट कशासाठी, तर एका दिवसात गड बघून परतणाऱ्याला जे दिसत नाही, त्यासाठी. दुपारी परतीची घाई नसते, म्हणून कोकणकड्यावर सूर्य मावळेपर्यंत बसता येतं. घोटभर पाण्याची किंमत कळते आणि घरी परतल्यावर नळ वाहता सोडवत नाही. बारा किलोत आपलं जगणं भागतं, हे एकदा अंगाने अनुभवलं की गरज कोणती आणि हौस कोणती, हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. ही समज विकत मिळत नाही. ती चालूनच मिळवावी लागते, आणि कळमनुरीच्या माणसाचे पाय त्यासाठी आधीच तयार आहेत.