झाडाची तहान हवा ठरवते

पालघरच्या किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचे दोन प्रकार अनुभवाला येतात. पहिल्या प्रकारात सकाळी दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून खारे वारे सुरू होतात, पारा ३३-३४ अंशांवर थबकतो आणि घाम अंगाला चिकटून राहतो. दुसऱ्या प्रकारात पूर्वेकडून येणारे कोरडे वारे जोर धरतात. खाऱ्या वाऱ्यांना दुपार उलटेपर्यंत आत शिरता येत नाही आणि पारा ३८च्याही पुढे जातो. घाम वाळत नाही म्हणून आपण पहिल्या दिवशी कुरकुरतो. परसातली भेंडी, मिरची आणि दुधी मात्र दुसऱ्या दिवशी माना टाकतात. वैतरणा, सफाळे, केळवे, बोईसर या पट्ट्यात घरामागची बाग उन्हाळ्यात जगवायची, तर या दोन दिवसांमधला फरक आधी समजून घ्यावा लागतो.

तापमानाचा फरक पाचच अंशांचा आहे. हवेच्या तहानेत मात्र जवळजवळ तिपटीचा फरक पडतो. ३३ अंश तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त ३६ ग्रॅमच्या आसपास बाष्प सामावून घेते. आर्द्रता ६५ टक्के असेल तर तिच्यात आणखी १२-१३ ग्रॅमची जागा शिल्लक राहते. ३८ अंशांच्या हवेची क्षमता सुमारे ४६ ग्रॅम. पूर्वेच्या वाऱ्याने आर्द्रता २५ टक्क्यांवर आणली, की ३४-३५ ग्रॅमची जागा रिकामी होते. ही रिकामी जागा भरण्यासाठी हवा जमिनीतून, पानांतून, उघड्या पिंपातून, मिळेल तिथून पाणी खेचते. झाडाला किती पाणी लागेल, हे तापमापकापेक्षा ही रिकामी जागा अधिक नेमकं सांगते.

पाणी गमावणं ही झाडाची हौस नव्हे. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी पानांवरची सूक्ष्म रंध्रं उघडावी लागतात आणि ती उघडली की बाष्प बाहेर पडतं. पण या नुकसानीत झाडाचा फायदाही आहे. माठ पाझरतो म्हणून त्यातलं पाणी गार राहतं, पानाचंही तसंच. दीड लिटर पाण्याची वाफ होताना साधारण एक युनिट विजेइतकी उष्णता शोषली जाते. त्यामुळे पाणी मिळणारं पान भर उन्हातही हवेइतकं किंवा तिच्यापेक्षा थोडं गार राहू शकतं. पाणी तुटलं की रंध्रं मिटतात, पान तापतं आणि अन्न तयार करण्याचं कामही थांबतं.

दुपारी मान टाकलेलं झाड

दुपारी दोन वाजता दुधीची पानं लोंबलेली दिसली, की हात आपोआप पाण्याच्या पाइपकडे जातो. दर वेळी त्याची गरज नसते. दुधी, भोपळा, काकडी यांची पानं मोठी आणि पातळ असतात. दुपारी ती जितकं पाणी बाहेर टाकतात, तितकं मुळांना त्या क्षणी पुरवता येत नाही, जमिनीत ओल असली तरीही. पान लोंबलं की त्याच्यावर थेट पडणारं ऊन कमी होतं. संध्याकाळी वेल पुन्हा ताठ होत असेल, तर काळजीचं कारण नाही. खरी परीक्षा सकाळी सातला घ्यावी. तेव्हाही पानं मलूल असतील, तर झाड तहानलेलं आहे. शंका आली तर बोट मातीत दोन पेरं खुपसून बघावं. आत ओल लागली तर पाणी देऊ नये. सतत चिंब राहिलेल्या मातीत मुळांना प्राणवायू मिळत नाही, ती कुजतात आणि कुजलेल्या मुळांचं झाडही तहानलेल्या झाडासारखंच मान टाकतं. त्याला आणखी पाणी घातलं, की ते कायमचं जातं.

भर दुपारी पाणी घातलं तर पानांवरचे थेंब भिंगासारखं ऊन एकवटून पान जाळतात, असं घरोघरी सांगितलं जातं. हंगेरीत बुडापेस्टच्या ओट्व्हॉस विद्यापीठातल्या गाबोर होर्वाथ यांच्या गटाने हे तपासून २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गुळगुळीत पानांवर थेंब पसरून बसतो आणि त्यातून एकवटलेले किरण पानाच्या खूप खाली जुळतात. पान भाजत नाही. पानावर लव असेल आणि थेंब त्या लवेवर उचललेला राहिला, तरच भाजण्याची शक्यता असते. दुपारी पाणी न घालण्याची खरी कारणं वेगळी आहेत. उन्हात पडलेल्या पाइपमधलं पाणी सुरुवातीला कढत असतं आणि वर शिंपडलेल्या पाण्याचा मोठा वाटा मुळांपर्यंत पोचण्याआधीच उडून जातो. आपल्याकडे संध्याकाळपेक्षा पहाटेचं पाणी चांगलं. किनाऱ्याच्या दमट रात्री पानं ओली राहिली, की काकडीवर्गीय वेलींवर केवड्यासारखे बुरशीचे रोग पसरतात.

पाणी मोजून द्यायचं

उन्हाळ्यात या पट्ट्यात दाट वाढलेला भाजीचा वाफा दिवसाला साधारण पाच ते सहा मिलिमीटर पाणी उडवतो. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. घरामागे चार मीटर लांब आणि तीन मीटर रुंद असा भरलेला वाफा असेल, तर त्याला रोज ६०-७० लिटर पाणी लागेल. पूर्वेचा वारा सुटला की याहून जास्त. जलजीवन मिशनचं ग्रामीण प्रमाण माणशी रोज ५५ लिटरचं आहे, म्हणजे चौघांच्या घराला २२० लिटर. बागेचा वाटा त्यातल्या पावहिश्श्याहून मोठा होतो. मोडक सागर धरण १९५७ पासून वैतरणेचं पाणी मुंबईकडे पाठवत आहे. त्याच नदीच्या मुखाकडच्या पाड्यांत मात्र उन्हाळ्यात हंड्यांच्या रांगा लागतात. तिथे पाणी वाचवण्याचे उपाय नुसत्या हौसेचे राहत नाहीत.

पहिला उपाय जमीन झाकण्याचा. मे महिन्यात उघड्या मातीचा पृष्ठभाग दुपारी ५० अंशांच्या पुढे तापू शकतो. त्यावर भाताचा पेंढा, वाळका पाला किंवा गवत यांचा तीन-चार बोटांचा थर दिला, की माती अनेक अंशांनी गार राहते आणि मातीतून थेट उडणारं पाणी बरंच कमी होतं. नेमक्या याच दिवसांत आपल्याकडे राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजण्यासाठी, पालापाचोळा जाळला जातो. त्यातला चार टोपल्या पाला परसाकडे वळवला, तर तो उन्हाळाभर आच्छादन म्हणून राहील आणि पावसात कुजून खत होईल. माडाच्या आळ्यात नारळाची सोडणं पुरण्याची कोकणातली पद्धतही अशीच. सोडण पाणी धरून ठेवतं आणि मुळांना सवडीने देतं.

दुसरा उपाय सावलीचा. भाजीपाल्याच्या बहुतेक झाडांच्या पानाला कडक उन्हातला सगळा प्रकाश वापरताच येत नाही. भर दुपारच्या प्रकाशाच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंतच त्याची क्षमता संपते. उरलेला प्रकाश निव्वळ उष्णता म्हणून पानाला सोसावा लागतो. म्हणून वाफ्याच्या पश्चिमेला झावळ्यांचा विरळ आडोसा किंवा वर शेडनेट लावल्याने पिकाचं फारसं नुकसान होत नाही, तहान मात्र कमी होते. पूर्वेच्या वाऱ्याच्या वाटेवर केळीची किंवा तुरीची रांग असेल, तर आणखी बरं.

तिसरा उपाय मडक्याचा. रंग किंवा चकाकी न दिलेलं, म्हणजे बाहेरून काहीही न लावलेलं भाजक्या मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं, पाण्याने भरायचं आणि वर झाकण ठेवायचं. भोवतालची माती कोरडी झाली, की ती मडक्याच्या छिद्रांतून पाणी ओढते. ओली असली की ओढ थांबते. बाहेरून कुणाला नळ फिरवावा लागत नाही. चीनमधल्या फान शंगझी यांच्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या शेतीग्रंथात या पद्धतीचं वर्णन आहे. भारतात कर्नालच्या केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत आर. सी. मंडल यांनी १९७०च्या दशकात ती खारवट जमिनीसाठी अभ्यासली. वैतरणेच्या खाडीकाठी हा तपशील विशेष महत्त्वाचा ठरतो.

मचूळ पाण्याचा हिशेब

वैतरणा आणि सफाळे या स्थानकांच्या मधे लोकल नदीचे दोन फाटे ओलांडते. उन्हाळ्यात तिथे भरतीबरोबर समुद्राचं पाणी आत चढतं. काठाजवळच्या विहिरी मार्चपर्यंत गोड असतात. एप्रिल-मेमध्ये त्यांतल्या काहींचं पाणी मचूळ होतं. असं पाणी झाडाला दिलं की पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. समजा, पाण्याचा टीडीएस १००० आहे, म्हणजे लिटरमागे एक ग्रॅम क्षार. रोज ६० लिटर पाणी दिलं, तर दोन महिन्यांत बारा चौरस मीटरच्या त्या वाफ्यात साडेतीन किलोच्या वर क्षार साठतील. मुळांभोवतीचं पाणी जितकं खारट, तितकं ते आत ओढणं झाडाला जड जातं. माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं आणि पानांच्या कडा करपतात.

सगळी झाडं सारखी नाजूक नसतात. मातीतल्या पाण्याची विद्युतवाहकता एक डेसिसिमन्स प्रति मीटरच्या वर गेली, की घेवड्याचं उत्पन्न घटू लागतं. ढोबळी मिरची दीडपर्यंत तग धरते, पालक दोनपर्यंत, टोमॅटो अडीचपर्यंत आणि बीट चारपर्यंत. टीडीएस मीटरवर एक डेसिसिमन्स म्हणजे साधारण ६४०. माड आणि चिकू याहून पुष्कळ सोसतात. मचूळ पाणीच वापरायचं असेल, तर ते पानांवर शिंपडू नये. रोज थोडं थोडं देण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी भरपूर द्यावं, म्हणजे क्षार मुळांच्या खाली ढकलले जातात. कपडे धुतलेलं साबणाचं पाणी मात्र टाळावं. त्यातला सोडियम चिकण माती आणखी घट्ट करतो.

मे महिन्यात काय लावू नये

भरपूर पाणी देऊनही काही झाडं मे महिन्यात फळ देत नाहीत. टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात. दोष दिवसाच्या उन्हाइतकाच रात्रीचा असतो. डहाणू-पालघर किनाऱ्यावर मे महिन्यात रात्रीचं तापमान २६-२७ अंशांच्या खाली क्वचितच उतरतं. रात्री २४ अंशांच्या वर राहू लागल्या, की टोमॅटोचे परागकण नीट तयार होत नाहीत. फूल उमलण्याच्या आठ-दहा दिवस आधीच हे नुकसान झालेलं असतं. उकाड्याच्या रात्री झाडाचा श्वसनावरचा खर्चही वाढतो; तापमान दहा अंशांनी चढलं की तो जवळपास दुप्पट होतो. दिवसा कमावलेली साखर रात्रीच संपते. म्हणून टोमॅटो नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये लावावा आणि उन्हाळा तोंडावर येताच त्याचा वाफा रिकामा करावा.

त्या जागी उन्हाळ्याची आपली माणसं बसवावीत. माठ आणि राजगिरा या भाज्या मका-उसाप्रमाणे कार्बन आत ओढून एकवटण्याची यंत्रणा बाळगतात, त्यामुळे कमी उघडलेल्या रंध्रांतूनही त्यांचं काम भागतं. एक किलो पाला तयार करायला त्यांना इतर भाज्यांपेक्षा कमी पाणी लागतं. भेंडी, चवळी आणि कारलीही उष्णता सोसतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं ‘कोकण तारा’ कारलं आणि ‘कोकण हरिता’ शिराळं कोकणच्या हवेसाठीच निवडलेली आहेत. वेलवर्गात एक गोष्ट लक्षात ठेवावी : कडक उष्म्यात आणि मोठ्या दिवसांत नरफुलं वाढतात, मादीफुलं घटतात. मांडवावर फुलं भरपूर आणि फळं कमी दिसली, तर खत ओतत बसू नये. नुकतंच उमललेलं नरफूल तोडून मादीफुलावर हलकेच फिरवावं.

तहानेवर सर्वांत चतुर तोडगा कुंपणापाशी उगवलेली पानफुटी काढते. ती दिवसा रंध्रं मिटून ठेवते आणि रात्री हवा दमट झाली की उघडते. रात्री आत घेतलेला कार्बन डायऑक्साइड ती आम्लाच्या रूपात साठवते आणि दिवसा वापरते. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी भारतातच हे पान चाखून पाहिलं होतं. सकाळी आंबट लागणारं पान दुपारपर्यंत बेचव होतं, हे त्यांचं निरीक्षण १८१५ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. कोरफड, अननस आणि सध्या लोकप्रिय झालेलं ड्रॅगन फ्रूट याच पद्धतीने जगतात. पाण्याची खात्री नसलेल्या कोपऱ्यासाठी ती योग्य निवड.

तयारी जूनपासूनच

किनाऱ्यालगतच्या जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते थोडं हलकं असतं. डच अभियंता घायबेन आणि जर्मन अभियंता हेर्झबर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या आरंभी या नात्याचा हिशेब स्वतंत्रपणे मांडला. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या एक मीटर वर असेल, तर खाली साधारण चाळीस मीटरपर्यंत गोडं पाणी राहू शकतं. उलट, उपशाने ही पातळी एक मीटरने उतरली, तर सैद्धांतिक हिशेबाने खारं पाणी चाळीस मीटर वर चढू शकतं. बोअरवेल लागोपाठ मारल्या जातात तिथे पाणी मचूळ का होतं, ते यातून उमगतं. शेजारच्या वसई पट्ट्यातली बावखलं, म्हणजे वाड्यांमधली जुनी गोड्या पाण्याची तळी, याच कारणासाठी राखण्यासारखी आहेत. ती पाऊस जमिनीत मुरवतात आणि खाऱ्या पाण्याला खाली दाबून ठेवतात.

पालघरच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो. चाळीस चौरस मीटरच्या छपरावरून, गळती-सांड वजा करूनही, साठ हजार लिटर पाणी मिळू शकतं. आपल्या वाफ्याला एप्रिल आणि मे मिळून लागतं चार हजार लिटर. सगळं पाणी टाकीत साठवणं परवडणार नाही, पण पन्हळीचं तोंड गटाराऐवजी विहिरीजवळच्या शोषखड्ड्याकडे वळवायला एका दिवसाचं काम पुरतं. मडकी, झावळ्या आणि पेंढा ही एप्रिलची कामं. पन्हळीचं काम मात्र पहिल्या पावसाआधी उरकायला हवं, कारण पुढच्या मे महिन्यात विहीर गोड राहील की मचूळ होईल, यात त्याचाही वाटा असतो.