घरची वीज – लेखांक ९ : टाकी भरली तरी मीटर फिरतोच

आमच्या बीपीच्या यंत्राला चार पेन्सिल सेल लागतात, चारही रिचार्जेबल. त्यांतला एक परवा पडदावाल्या चार्जरमध्ये भरला, तर आकडा आला २४३०. सेलवर छापलंय २०००. क्षणभर वाटलं, कंपनीनं वर मूठभर घातलं असावं. मग तोच सेल चार्जरमध्येच रिकामा करून मोजला. निघाले १६८०.

चार्जर खोटं बोलत नव्हता. पहिला आकडा आत ढकललेल्या विजेचा, दुसरा परत मिळालेल्या. गच्चीवरची टाकी भरून पाणी खाली वाहत असलं, तरी सोसायटीचा मीटर फिरतच असतो, तसंच हे. निकेल-मेटल हायड्राइड सेल भरत आला की येणारी वीज साठेनाशी होते. आत प्राणवायू सुटतो, तो तिथंच पुन्हा जिरतो आणि सेल तापतो. चार्जर मात्र हेही मिलीअँपिअर-तास जमेला धरतो. सेल भरला की व्होल्टेज काही मिलीव्होल्टनं घसरतं. ती घसरण दिसली की चार्जरनं थांबायचं. पण करंट फार कमी ठेवला किंवा सेल जुना असला, तर ती निसटू शकते आणि आकडा फुगत राहतो.

छापलेले २००० येतात कुठून? आयईसी ६१९५१-२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार असा सेल २०० मिलीअँपिअरनं १६ तास भरतात. म्हणजे आत गेले ३२००! मग एक ते चार तास विसावा, आणि २० अंशांच्या आसपास ४०० मिलीअँपिअरनं १ व्होल्टपर्यंत रिकामा. पाच तास टिकला तर २०००. त्या ३२०० चं नावही कुणी काढत नाही.

तेव्हा चार्जरवर 'टेस्ट' असेल तर तेच वापरा. त्यात सेल भरतो, रिकामा होतो, पुन्हा भरतो. आपल्याला हवा तो मधला आकडा. शेवटी पडद्यावर कोणता उरतो, ते माहितीपत्रकात बघा (ते फेकलं नसेल तर). शिवाय कुणी ०.९ व्होल्टला थांबतो, कुणी १ ला. म्हाताऱ्या सेलचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, म्हणून मोठ्या करंटला तो लवकर मान टाकतो आणि छोट्या करंटला बराच वेळ तग धरतो. खाचेतल्या पत्र्यावर मळ असला तरी फरक पडतो. म्हणून एका चार्जरच्या आकड्याची दुसऱ्याशी तुलना नको. तीच खाच, तोच करंट ठेवून चारही सेल मोजले, तर त्यांतला लंगडा कोणता ते मात्र चोख कळतं. माझा तो १६८० वाला होता. बाकीचे तिघे १९०० च्या पुढे.

असा चार्जर नसेल तर ३.३ ओहमचा, किमान एक वॉटचा रेझिस्टर, मल्टिमीटर आणि घड्याळ पुरे. भरलेला सेल तासभर थंड होऊ द्या, रेझिस्टर जोडा, दर अर्ध्या तासाला व्होल्टेज लिहा. १.१ च्या खाली गेलं की मात्र जागचं हलू नका, शेवटची घसरगुंडी झपाट्यानं होते. १ व्होल्टला जोडणी काढा. सरासरी १.२ व्होल्ट भरली तर करंट ३६४ मिलीअँपिअर. सव्वापाच तास चालला, तर सुमारे १९००. रेझिस्टरवर सोनेरी पट्टी असेल तर त्यातच पाच टक्के इकडेतिकडे, तेव्हा १९०० आणि १९५० वरून घरात वाद नको.

पॉवर बँकेवरच्या १०००० चं गणित निराळं आहे. ते पुढच्या आठवड्यात.