‘बैल उड’ म्हटल्यावर बोट खाली ठेवायला शिकवा

वर्षातून दोनदा अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर हृदयदोषाची शंका येते आणि आईवडिलांची धावपळ सुरू होते. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या या योजनेमुळे लोणार-मोताळ्याकडच्या मुलालाही मोठ्या शहरात मोफत शस्त्रक्रिया मिळू शकते. टाके सुकले, की काम संपले असे मात्र समजू नये. गंभीर हृदयदोषाची झळ मेंदूला गर्भातच लागते. दोन मुख्य रक्तवाहिन्यांची अदलाबदल झालेल्या बाळाच्या मेंदूला ऑक्सिजन कमी पोचतो आणि दिवस पूर्ण भरले तरी मेंदू वयाच्या मानाने सुमारे एक महिना कोवळा दिसतो. १९८८ ते १९९२ या काळात बोस्टनमध्ये शस्त्रक्रिया झालेल्या अशा बाळांचा जेन न्यूबर्गर आणि डेव्हिड बेलिंजर या संशोधकांनी सोळाव्या वर्षापर्यंत माग ठेवला. त्यांचा सरासरी बुद्ध्यांक इतरांच्या जवळपास निघाला. अडत होते ते लक्ष टिकवणे, घाई आवरणे, कामाची आखणी करणे.

हीच कौशल्ये तीन ते सहा या वयात झपाट्याने रुजतात, आणि त्यांचा सराव आपल्या अंगणात आधीपासून आहे. ‘चिमणी उड, कावळा उड, बैल उड!’ बैलाला उचलू पाहणारे बोट आवरणे हा केवढा मोठा पराक्रम! प्रयोगशाळेत एका चित्राला बटण दाबायचे आणि दुसऱ्याला हात रोखायचा, अशी चाचणी घेतात, ती हीच. मग नियम उलटा करा, उडणाऱ्याला बोट खाली. जुनी सवय बाजूला सारून नवी धरण्याची कसोटी लगेच लागते. भुलाबाईच्या गाण्यांतली लांबत जाणारी साखळी स्मरणाला तसेच राबवते.

मग महागडे ‘ब्रेन ट्रेनिंग’ अ‍ॅप का नको? बोस्टनमध्येच हृदयदोषी किशोरांना संगणकावर सराव दिला. ज्या स्मरणशक्तीसाठी तो होता ती अपेक्षेइतकी वाढली नाही, लक्ष आणि आवर थोडे सुधारले. बेलफास्टमध्ये शाळेत जाऊ लागलेल्या अशा मुलांच्या पालकांना हाताशी धरले, तेव्हा आयांचा ताण आणि मुलांची गैरहजेरी घटली. हे पुरावे तुटपुंजे आहेत, खेळाने मेंदू बरा होतो असा दावा कुणी करू नये. पण आधी शस्त्रक्रियांची रांग संपू द्या, हा आक्षेप इथे लागू पडत नाही. बोटांच्या खेळाला शल्यविशारद लागत नाही. पोर दमेल, ही भीती खरी असते, म्हणून तर बसून खेळायचे खेळ निवडावेत. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली अंगणवाडीताईंसाठी दोन ओळी हव्यात: याला खेळात घ्या, आणि पुढच्या भेटीत पथकाला याचे लक्ष व बोलणेही तपासायला सांगा.